कठीण कातळातील सुरुंगाचा बोगदा : पुढचा खडक कसा वाचावा आणि फेरी कशी बदलावी

ग्रॅनाइटचा अखंड नमुना प्रयोगशाळेतील दाबयंत्राखाली १५० ते २०० मेगापास्कल दाब पेलू शकतो. अहवालातील हा आकडा पाहून अनेकांची समजूत होते की, अशा खडकात बोगदा खोदणे हा केवळ स्फोटकांचा आणि वेळेचा हिशेब आहे. प्रत्यक्षात बोगद्याचे छत त्या मुठीएवढ्या नमुन्याच्या ताकदीवर तोललेले नसते. खडकातील सांधे, म्हणजे त्यातील नैसर्गिक चिरा, कोणत्या दिशेने जातात, त्यांच्या फटीत काय भरले आहे, त्यांतून पाणी किती दाबाने येते आणि वरच्या डोंगराचा ताण कोणत्या बाजूने पडतो, यांवर ते टिकते किंवा ढासळते. कठीण खडकातील बहुतेक अडचणी खडकाच्या कठीणपणातून येत नाहीत, त्या त्याच्या अखंडतेत पडलेल्या खंडांतून येतात.

सुरुंगाच्या पद्धतीत काम फेऱ्याफेऱ्यांनी चालते. भोके पाडणे, स्फोटके भरणे, उडवणे, धूर काढणे, मलबा उपसणे, सैल दगड पाडणे आणि आधार देणे, अशी एक फेरी चांगल्या खडकात साधारण ३ ते ५ मीटर पुढे नेते. प्रत्येक फेरीनंतर नवा खडक उघडा पडतो आणि पुढच्या फेरीची लांबी, भोकांची मांडणी, स्फोटकाचे प्रमाण व आधार बदलण्याची संधी मिळते. पूर्ण छेदाच्या बोगदा-यंत्राला इतकी मोकळीक नसते. ही संधी न वापरता नकाशात आधी ठरलेली फेरीच उडवत राहणे ही या पद्धतीतील सर्वांत महाग चूक आहे, असे माझे मत आहे.

आधी डोंगरावरचे ओढे पाहावेत

पाणी जेथे खडक चुरडलेला असतो तेथे अधिक सहज खोदते. म्हणूनच आखणीच्या रेषेवरून जाणारा सरळसोट ओढा, दोन शिखरांमधली खिंड किंवा अरुंद घळ दिसली की तिच्याखाली प्रस्तरभंग, म्हणजे फॉल्ट, असल्याचा संशय घ्यावा आणि तो फेडला जाईपर्यंत सोडू नये. रोहतांग खिंडीच्या परिसरातील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला, पण त्याच्या मार्गावरील सेरी नाल्याखालच्या सुमारे ५८७ मीटरच्या प्रस्तरभंग-पट्ट्याने, तेथील सैल खडकाने आणि पाण्याने कामाची कित्येक वर्षे घेतली. नावातच नाला आहे, हे अशा वेळी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दरीच्या बाबतीत आणखी एक धोका असतो, तो म्हणजे गाडला गेलेला खोल तळ. हिमनदीने कोरलेली दरी नंतर रेती-गोट्यांनी भरून सपाट झालेली असते आणि वरून पाहणाऱ्याला खडक नेमका किती खोल आहे हे कळत नाही. स्वित्झर्लंडमधील लोट्शबर्ग बोगद्यात २४ जुलै १९०८ रोजी एका फेरीच्या स्फोटाने गास्टर्न दरीखालचा हा भराव फुटला. पाणी आणि गाळ-गोटे बोगद्यात घुसले आणि २५ कामगार मरण पावले. खडकाचे पुरेसे आच्छादन डोक्यावर आहे, असे गृहीत धरले गेले होते. पुढे तो भाग भिंत बांधून सोडून द्यावा लागला आणि बोगदा वळसा घालून नेण्यात आला.

पूर्वतपासणीत भूकंपलहरींची पद्धत उपयोगी पडते. अखंड ग्रॅनाइट किंवा नीस खडकात या लहरींचा वेग सेकंदाला ५,००० मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो आणि चुरडलेल्या पट्ट्यात तो बराच घसरतो. त्यामुळे आलेखातील मंद वेगाची अरुंद पट्टी म्हणजे वेध घेण्याची जागा समजावी. वेध घेताना उभी भोके पाडण्याचा मोह टाळावा. सांधे आणि प्रस्तरभंग उभे असतील तर उभे भोक त्यांना समांतर जाते, एकालाही छेदत नाही आणि पेटीत सुंदर, सलग कोअर, म्हणजे भोकातून काढलेला खडकाचा दंडगोल नमुना, जमा होते. संशयित पट्ट्याला आडवे कापणारे तिरपे भोक एकच असले तरी ते अशा चार उभ्या भोकांपेक्षा अधिक सांगते. कोअरची प्रत मोजण्यासाठी डॉन डिअर यांनी १९६० च्या दशकात मांडलेला आरक्यूडी हा निर्देशांक वापरतात. १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची एकूण लांबी भागिले भोकाच्या त्या टप्प्याची लांबी, असे ते टक्केवारीत प्रमाण आहे. भोकाच्या दिशेनुसार तोच खडक ९० टक्के किंवा ४० टक्केही देऊ शकतो, म्हणून आकड्याशेजारी भोकाची दिशा लिहिलेली नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नये.

आखणी हलवण्याची मुभा असेपर्यंत दोन गोष्टी साधाव्यात. पहिली, कमकुवत पट्टा शक्यतो काटकोनात ओलांडावा. १० मीटर जाडीचा पट्टा काटकोनात १० मीटरच खोदावा लागतो, पण २० अंशांच्या कोनात तोच सुमारे २९ मीटर लांबीचा होतो. दुसरी, सांध्यांच्या मुख्य संचाला बोगद्याचा अक्ष समांतर जाऊ देऊ नये. या दोहोंतला कोन ३० अंशांहून कमी झाला की भिंती व छत यांतून लांबलांब पट्टे सुटू लागतात.

ड्रिलला प्रश्न विचारावेत

पृष्ठभागावरून कितीही तपास केला तरी शेवटचे शब्द फेसवरून, म्हणजे खोदाईच्या तोंडावरून, पुढे पाडलेल्या चाचणीच्या भोकाचेच असतात. सुरुंगाची भोके पाडणाऱ्या जंबो यंत्रानेच हे प्रोब होल पाडता येते. त्याची लांबी साधारण २५ ते ३० मीटर ठेवावी आणि निदान दोन फेऱ्यांइतका, म्हणजे ८ ते १० मीटरचा, भाग संपण्याआधीच पुढचे भोक पाडावे. हा जुना-नवा भाग एकमेकांवर चढलेला असला की फेसच्या पुढे नेहमी तपासलेला खडक राहतो. सामान्य खडकात एक भोक पुरते. पाण्याखाली किंवा ज्ञात प्रस्तरभंगाजवळ तीन-चार भोके थोडी बाहेरच्या दिशेने उघडत न्यावीत, कारण कमकुवत पट्टा तिरपा असेल तर तो आधी एका खांद्याला किंवा तळाला भेटतो आणि मधोमध पाडलेल्या भोकाला त्याचा पत्ताही नसतो.

नॉर्वेतील ओस्लोफियॉर्ड बोगद्याच्या खोदाईत समुद्रतळाखालच्या अशाच एका पट्ट्यात खडकाऐवजी हिमनदीने भरलेली सैल माती आहे, हे पुढे पाडलेल्या भोकांतून आधी कळले. मग तो भाग बाजूने वळसा घेणाऱ्या तात्पुरत्या बोगद्याने ओलांडून खोदाई पुढे चालू ठेवली गेली आणि मूळ जागेची जमीन गोठवून ती कापण्यात आली. लोट्शबर्गला जो प्रश्न स्फोटाने विचारला गेला, तोच येथे ड्रिलच्या भोकाने विचारला होता.

भोक पाडत असताना पुढील खुणा नोंदवाव्यात. आधुनिक जंबो त्यांतील बऱ्याच स्वतः साठवतो, पण ऑपरेटरच्या कानाला आणि डोळ्यांना पर्याय नाही.

- आत शिरण्याचा वेग एकाएकी वाढला तर खडक मऊ किंवा तुटलेला आहे. तो वाढला आणि लगेच रॉड अडकू लागला तर चुरडलेला, चिकणमाती असलेला पट्टा समजावा.
- फिरवण्याचा दाब वाढणे हे बहुधा चिकटणाऱ्या चिकणमातीचे किंवा भोकात आडव्या पडणाऱ्या तुकड्यांचे लक्षण असते.
- धुण्याचे पाणी परत येईनासे झाले तर भोकाने उघडी फट गाठली आहे. चुनखडकात किंवा संगमरवरात ती पोकळी किंवा गुहाही असू शकते.
- परत येणाऱ्या पाण्याचा रंग बदलला की खडक बदलला. करड्या बेसाल्टमध्ये अचानक तांबडे पाणी आले तर दोन लाव्हा-थरांमधला तांबडा मऊ थर जवळ आला आहे, असे मानून छताची काळजी आधीच सुरू करावी.
- भोक पूर्ण झाल्यावर त्यातून येणारे पाणी मिनिटाला किती लिटर आहे ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजावे. ‘बरेच पाणी’ असा शेरा पुढच्या पाळीच्या कामाचा नसतो.

एकच खूण एकटी फसवू शकते. ड्रिलच्या टोकाच्या बिटची बटणे झिजली असली तरी वेग घटतो, आणि क्वार्ट्झ भरपूर असलेल्या खडकात ती फार लवकर झिजतात. म्हणून बिट बदलल्याची नोंद त्याच कागदावर असावी.

फेस उघडा असतानाच वाचावा

सैल दगड पाडून झाल्यानंतर आणि शॉटक्रीटचा, म्हणजे दाबाने फवारलेल्या काँक्रीटचा, पहिला थर बसण्याआधी जो थोडा वेळ मिळतो, त्यात भूवैज्ञानिकाने फेस पाहिलाच पाहिजे. फेरीचे चक्र घाईचे असते आणि या वीस मिनिटांवर सर्वांत आधी कात्री लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पण एकदा शॉटक्रीट मारले की तो खडक पुन्हा दिसत नाही. आधार न दिलेल्या छताखाली मात्र कोणीही उभे राहू नये. निरीक्षण आधार दिलेल्या भागातून किंवा जंबोच्या सुरक्षित टोपलीतून करावे आणि दूरच्या भागासाठी छायाचित्रांचा आधार घ्यावा.

पाहायचे काय? सांध्यांचे संच किती, प्रत्येकाची दिशा व कल काय, दोन सांध्यांमधले अंतर किती, पृष्ठभाग खडबडीत की गुळगुळीत, फटीत काय भरले आहे आणि पाणी ठिबकते की धारेने येते. फटीतील पदार्थाला नख लावून पाहण्याची जुनी पद्धत आजही सोडू नये. नख रुतले, बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागले, तर नमुना घेऊन तो फुगणाऱ्या चिकणमातीसाठी तपासायला पाठवावा.

या निरीक्षणांना आकड्यात बांधण्यासाठी दोन पद्धती सर्वत्र वापरल्या जातात. बिएनियावस्की यांची १९७३ ची आरएमआर पद्धत खडकाला शंभरपैकी गुण देते. नॉर्वेच्या भूतंत्र संस्थेतील बार्टन, लिएन आणि लुंडे यांनी १९७४ मध्ये मांडलेली क्यू पद्धत तीन भागाकारांचा गुणाकार करते. पहिला भागाकार आरक्यूडी भागिले सांध्यांच्या संचांचा अंक, म्हणजे तुकड्यांचा आकार. दुसरा खडबडीतपणा भागिले फटीतील पदार्थाचा अंक, म्हणजे तुकड्यांमधले घर्षण. तिसरा पाण्याचा अंक भागिले ताणाचा अंक.

एक उदाहरण करून पाहिले की या पद्धतीचा स्वभाव कळतो. आरक्यूडी ९०, सांध्यांचे तीन संच म्हणून भाजक ९, खडबडीत लहरी सांधे म्हणून ३, फटी स्वच्छ म्हणून १, कोरडे आणि मध्यम ताण म्हणून १ भागिले १. उत्तर ३०, खडक चांगला, खडकात रोवलेल्या मोजक्या बोल्टवर भागणारा. आता ४ मीटर पुढे चुरडलेला पट्टा लागला. आरक्यूडी ३०, अनेक संच म्हणून १५, जाड चिकणमातीमुळे भिंतींचा एकमेकींना स्पर्श नाही म्हणून १ भागिले ८, मध्यम पाणी ०.६६ आणि कमकुवत पट्ट्याचा अंक २.५. उत्तर सुमारे ०.०६६. आरक्यूडी एक-तृतीयांशावर आला, पण क्यू साडेचारशे पटींनी घसरला. त्यातील सर्वांत मोठा वाटा फटीतील चिकणमातीचा आहे, तुकड्यांच्या आकाराचा नव्हे. म्हणूनच केवळ कोअरच्या पेट्यांवरून आधार ठरवणारा फसतो.

सांध्यांप्रमाणे भोकांची मांडणी

फेरीची मध्यवर्ती रचना म्हणजे कट, कारण पुढच्या सर्व भोकांना मोकळी बाजू तोच करून देतो. समांतर भोकांच्या कटमध्ये साधारण १०० मिलिमीटर व्यासाची एक किंवा अधिक भोके रिकामी ठेवतात आणि त्यांच्याभोवतीची ४५ ते ५१ मिलिमीटरची भरलेली भोके आधी उडवतात. कट नेहमी मधोमध असलाच पाहिजे असे नाही. फेसवर चिकणमातीची शीर किंवा उघडी फट दिसत असेल तर कट तिच्यापासून हलवून सर्वांत अखंड भागात न्यावा. कटमधून फट गेली तर स्फोटाचा वायू तिच्यातून निसटतो, कट नीट मोकळा होत नाही आणि पाच मीटर खोदलेल्या भोकांतून तीनच मीटर प्रगती हाती येते. आणखी वाईट म्हणजे आधी उडालेल्या भोकाच्या धक्क्याने फटीलगतचा ठोकळा सरकतो, शेजारचे भोक कापले जाते आणि त्यातील स्फोटक न उडता मलब्यात मिसळते. फटी असलेल्या खडकात मलबा उपसण्यापूर्वी न उडालेल्या स्फोटकाचा शोध दुप्पट काळजीने घ्यावा. मागच्या फेरीच्या भोकांची उरलेली बुडे धुऊन, तपासून, रंगाने खूण करून ठेवावीत आणि त्यांत किंवा त्यांना लागून नवे भोक कधीही पाडू नये. या नियमाला अपवाद नाही.

कडेची भोके हा भूविज्ञान आणि सुरुंग यांचा खरा संगम आहे. कठीण खडकात हळुवार स्फोटासाठी ती साधारण ५० ते ७० सेंटिमीटर अंतरावर पाडतात, आतल्या ओळीपर्यंतचे अंतर त्याहून थोडे जास्त ठेवतात आणि मीटरमागे केवळ २०० ते ४०० ग्रॅम स्फोटक भरतात. सांधे जवळजवळ असतील तर अंतर कमी करावे, भार उतरवावा आणि गरज पडल्यास एकाआड एक भोक रिकामे सोडावे. आतल्या ओळीचा भार तसाच जड ठेवून फक्त कडेची ओळ हलकी करण्यात काही अर्थ नाही, कारण छताच्या आतला खडक बहुधा त्या आतल्या ओळीनेच आधी तडकलेला असतो.

फेरी उडाल्यावर छताकडे आणि भिंतींकडे पाहून पुढील निदान करता येते. कडेच्या भोकांच्या अर्ध्या नळ्या खडकावर स्पष्ट उमटल्या असतील तर स्फोट योग्य झाला. एका बाजूला त्या सलग दिसतात आणि दुसऱ्या बाजूला एकही नाही, तर दोष बहुधा भोके पाडणाऱ्याचा नसून त्या बाजूच्या सांध्यांचा आहे. जादा फुटलेल्या भागाचे पृष्ठ सपाट, जुने, गंजाच्या किंवा हिरवट क्लोराइटच्या थराचे असेल तर तो भाग सांध्यावरून सुटला आहे. पृष्ठ ताजे, वेडेवाकडे आणि भुकटी उडालेले असेल तर स्फोटक जास्त झाले. आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी करवतीच्या दातांसारखी तीच पायरी दिसत असेल तर भोके बाहेरच्या दिशेने अधिक कोनात गेली आहेत. ही तीन कारणे वेगळी न करता ‘ओव्हरब्रेक’ असा एकच शब्द लिहिला गेला की मोबदल्याचा वाद तेवढा सुरू होतो आणि खडकाबद्दल कोणी काही शिकत नाही.

शिस्टसारख्या पापुद्र्यांच्या खडकात भोकेच वाकतात. बिट पापुद्र्यांच्या दिशेने ओढला जातो आणि लांब फेरीत बुडाशी दोन भोके एकमेकांजवळ किंवा फार दूर जातात. तेथे फेरी आखूड करणे हाच साधा उपाय आहे. थरांच्या कलाची दिशाही पाहावी. थर पुढच्या बाजूला खाली उतरत जात असतील तर फेस तुलनेने स्थिर राहतो. ते समोरून आपल्याकडे उतरत असतील तर फेसमधूनच तुकडे घसरतात, आणि अशा वेळी स्फोटके भरणाऱ्या माणसांसाठी फेसवरही शॉटक्रीटचा पातळ थर मारावा.

कमकुवत पट्टा ओलांडताना

पट्टा पुढे आहे हे कळल्यावर त्याच्या आधी थांबणे हे अर्धे काम आहे. पट्ट्यात अर्धी फेरी उडवून मग आधाराची जुळवाजुळव करणाऱ्याला छत वेळ देत नाही. चांगल्या खडकात असतानाच छताच्या कडेने ६ मीटरच्या आसपास लांबीच्या पोलादी सळ्या साधारण ३० सेंटिमीटर अंतराने, किंचित वरच्या कोनात, पुढच्या खडकात ठोकून ग्राउट कराव्यात, म्हणजे त्यांच्याभोवती सिमेंटचा पातळ लगदा भरावा, आणि त्यांची मागची टोके बोल्ट व पट्ट्यांनी बांधून घ्यावीत. मग फेरी १ ते २ मीटरवर आणावी, फेसचे भाग पाडून वरचा भाग आधी घ्यावा, स्फोटानंतर लगेच शॉटक्रीट मारावे आणि पुढची भोके पाडण्याआधी सळईच्या जाळीवर शॉटक्रीटची जाड कमान उभी करावी. खडक इतका मऊ असेल की हायड्रॉलिक ब्रेकरने निघतो, तर सुरुंग टाळावा. प्रत्येक कमानीमागे सळ्यांचा नवा पंखा जुन्या पंख्यावर चढवावा. छतातील आणि भिंतींतील हालचाल मोजणारे खुंटे पहिल्याच दिवशी बसवावेत. आठवड्याने बसवलेला खुंटा झालेली हालचाल सांगू शकत नाही.

पाणी

दर १० मीटर पाण्याच्या उंचीला साधारण १ बार दाब, या हिशेबाने ३०० मीटर खोलीवरच्या फटीत ३० बारपर्यंत दाब असू शकतो. अशा दाबाच्या पाण्याला फेस उघडल्यानंतर अडवणे फार कठीण असते, कारण ग्राउट बोगद्यातच परत वाहून येते. म्हणून ग्राउटिंग खोदाईच्या आधी करावे. फेसच्या परिघावरून २० ते २५ मीटर लांबीच्या भोकांचा किंचित बाहेर उघडणारा पंखा पाडावा, पाण्याच्या दाबापेक्षा पुरेशा जास्त दाबाने सिमेंट भरावे, मग तपासणीची भोके पाडून गळती मोजावी आणि ती मर्यादेबाहेर असेल तर दुसरी फेरी करावी. खोदाई पंख्याच्या टोकापर्यंत न नेता ग्राउट केलेला काही मीटरचा भाग पुढच्या पंख्यासाठी राखून ठेवावा. बारीक फटींत साध्या सिमेंटचे कण शिरत नाहीत. तेथे सूक्ष्म सिमेंट लागते. उथळ भागात मात्र दाब वाढवण्याचा हव्यास धोक्याचा ठरतो, कारण तो फट बुजवण्याऐवजी रुंदावतो.

पाण्याचा मार्ग मोजण्याचे एकक ल्यूजॉन हे आहे. १० बार दाबाखाली भोकाच्या दर मीटरला मिनिटाला १ लिटर पाणी गेले तर १ ल्यूजॉन. ओल्या भोकांत एएनएफओ हे दाणेदार स्फोटक विरघळते आणि निकामी होते, म्हणून तेथे पाण्यात टिकणारे इमल्शन स्फोटक वापरावे. जपानच्या ५३.८५ किलोमीटरच्या सेइकान बोगद्यात, ज्याचा २३.३ किलोमीटर भाग समुद्राखाली आहे, मुख्य बोगद्याच्या आधी एक पथदर्शक बोगदा पुढे नेला गेला होता. तरीही १९७६ मध्ये मोठा पूर आत शिरलाच. तो बोगदा १९८८ मध्ये खुला झाला.

डोंगराचा ताण आणि फुटणारा खडक

येथे अखंडपणाच अडचण बनतो. सांधे भरपूर असलेला खडक ताण सहज वाटून घेतो, पण ग्रॅनाइट, नीस आणि क्वार्टझाइट यांसारखा अखंड, ठिसूळ खडक तो साठवतो आणि मग स्वतःचे पापुद्रे सोडतो किंवा स्फोटासारखा फुटतो. ढोबळ हिशेब असा करावा. १,००० मीटर खडकाच्या भाराने उभा ताण सुमारे २७ मेगापास्कल होतो. आडवा ताण त्याच्या सुमारे निम्मा, म्हणजे १३ धरला, तर कीर्श यांच्या १८९८ च्या सूत्राप्रमाणे गोल बोगद्याच्या भिंतीवरचा ताण मोठ्याच्या तिप्पट वजा लहान, म्हणजे ८१ वजा १३, अर्थात ६८ मेगापास्कल येतो. १५० मेगापास्कल ताकदीच्या खडकाच्या तो ४५ टक्के आहे, आणि या पातळीवर पापुद्रे सुटण्याची तयारी ठेवावी. आडवा ताण मोठा असेल तर तोच त्रास भिंतींऐवजी छतात आणि तळात दिसतो. तीव्र उताराच्या दरीलगत बोगदा असेल तर सर्वांत मोठा ताण उताराला समांतर असतो, म्हणून पापुद्रे सुटतात ते दरीकडच्या खांद्यातून आणि त्याच्या समोरच्या, तळाकडील कोपऱ्यातून. कोणत्या बाजूला आधार वाढवायचा हे त्यावरून आधीच सांगता येते.

कोअर पातळ चकत्यांच्या रूपाने बाहेर येणे, भोकाचे तोंड लंबगोल होणे, स्फोटानंतर खडकातून चटचट किंवा बंदुकीच्या बारासारखे आवाज येणे, ही पूर्वसूचना आहे. धोका फेसजवळ आणि स्फोटानंतरच्या पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो. त्या काळात माणसांना दूर ठेवावे, सैल दगड हाताने पाडू नयेत, यंत्रानेच पाडावेत. तंतुयुक्त शॉटक्रीट लगेच मारावे आणि त्यावरून मोठ्या तबकड्यांचे, ताणले गेल्यावर लांबणारे बोल्ट ठोकावेत. येथे ताठ आधार तुटतो आणि थोडा लवचीक आधार टिकतो. २००० मध्ये खुला झालेला नॉर्वेचा २४.५ किलोमीटरचा लेर्डाल रस्ताबोगदा १,४०० मीटरपर्यंतच्या आच्छादनाखालून, नीस खडकातून गेला आहे आणि त्याच्या खोदाईत असे फुटणे हा प्रमुख प्रश्न होता.

उरलेले धोके

खोलीबरोबर उष्णता वाढते. आल्प्स पर्वतातील सिंप्लॉन बोगद्यात खडकाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले होते. भोक गरम असेल तर स्फोटक आणि डिटोनेटर त्या तापमानाला चालतात का, हे उत्पादकाच्या पत्रकात पाहूनच भरावे. कोळशाचे किंवा सेंद्रिय शेलचे थर जवळ असतील तर मिथेन मोजावा. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असताना तो स्फोटक असतो. क्वार्ट्झयुक्त धूळ फुफ्फुसे कायमची निकामी करते. ड्रिलिंग ओलेच करावे आणि मलबा भिजवूनच उपसावा.

फुगणारी चिकणमाती मात्र घाईने सोडण्याचा विषय नाही, कारण ती खोदाईच्या वेळी शांत असते. स्मेक्टाइट गटातील ही खनिजे पाणी शोषून फुगतात आणि शॉटक्रीटच्या पातळ थरामागे महिनोन्महिने, वर्षानुवर्षे दाब वाढवत राहतात. नॉर्वेतील हानेक्लाइव रस्ताबोगद्यात २५ डिसेंबर २००६ रोजी, वाहतूक सुरू होऊन काही वर्षे झाल्यावर, छताचा भाग कोसळला. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. त्या ठिकाणच्या कमकुवत पट्ट्यात फुगणारी चिकणमाती होती. अशा पट्ट्यात पातळ शॉटक्रीटवर भागवू नये. चिकणमातीची शीर खरवडून काढावी, तिच्या दोन्ही बाजूंच्या घट्ट खडकापर्यंत पोहोचणाऱ्या सळईयुक्त कमानी किंवा काँक्रीटचे अस्तर द्यावे आणि मागे साचणाऱ्या पाण्याला निचऱ्याची भोके ठेवावीत. मीटरगणिक काढलेला सांध्यांचा नकाशा, क्यूचे आकडे, प्रोबच्या नोंदी, चिकणमातीच्या तपासणीचे निकाल आणि प्रत्यक्ष बसवलेला आधार यांची एकत्र नोंद बोगद्याची देखभाल करणाऱ्यांकडे सोपवावी, म्हणजे शॉटक्रीटवर पहिली केसासारखी चीर दिसली तेव्हा तिच्यामागे कोणता खडक आहे ते त्यांना शोधत बसावे लागणार नाही.